वाचकांचे प्रश्न : परावर्तन कोन नेहमी मोठाच का येतो?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ड्रॉइंग बोर्डावर कागद लावून, साधा सपाट आरसा आणि टाचण्या वापरून परावर्तनाचा प्रयोग करून घेतला की बहुतेक मुलांचा परावर्तन कोन (परतणाऱ्या किरणाचा) आपतन कोनापेक्षा (येणाऱ्या किरणाच्या) दोन-तीन अंशांनी मोठा येतो; नियमाप्रमाणे तर दोन्ही समान हवेत. आरशाची पुढची कड आम्ही रेघेवर ठेवतो. मग चुकते कुठे? शिवाय, हे कोन आरशापासून न मोजता स्तंभिकेपासूनच (आरशाला काटकोनात काढलेल्या रेघेपासून) का मोजायचे, असे मुले विचारतात. त्यांना काय सांगावे? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : फरक कधी इकडे, कधी तिकडे न पडता दर वेळी एकाच बाजूला पडतो, ही आपली नोंद फार उपयोगाची आहे. टाचणी तिरकी टोचली गेली, कोनमापक नीट बसला नाही किंवा आरसा हलला, तर चूक दोन्ही बाजूंना व्हायला हवी. (आरसा एका अंशाने फिरला तर परावर्तित किरण दोन अंशांनी फिरतो, त्यामुळे तो घट्ट उभा असणे आवश्यकच आहे.) सतत एकीकडे झुकणारी चूक मात्र मांडणीतून येते, आणि येथे तिचे मूळ आरशाच्या काचेत आहे.

घरगुती आरशाला मुलामा मागच्या बाजूने दिलेला असतो. आपण रेघेवर जो आपतन बिंदू (किरण आरशाला जेथे टेकतो तो) घेतो, तेथे किरण मुख्यतः परावर्तित होत नाही. तो काचेत शिरतो, वाकतो, मागच्या मुलाम्यावरून परततो आणि पुन्हा वाकून बाहेर पडतो. काच ३ मिलिमीटर जाड, तिचा अपवर्तनांक (काच किरणाला किती वाकवते त्याचे माप) १.५ आणि आपतन कोन ४५ अंश धरला, तर किरण बाहेर पडण्याची जागा शिरण्याच्या जागेपासून सुमारे ३.२ मिलिमीटर दूर येते. बाहेर पडलेल्या किरणाची दिशा अगदी नियमाप्रमाणे, म्हणजे स्तंभिकेशी ४५ अंशांचीच असते. मुले मात्र परावर्तित किरणावरची आरशाजवळची टाचणी मूळ आपतन बिंदूशी जोडून टाकतात आणि ती टाचणी ५ सेंटिमीटरवर असेल, तर एवढ्यानेच कोन सुमारे अडीच अंशांनी वाढतो. आरशाची मागची कड रेघेवर ठेवली तर चूक जाणार नाही, फक्त उलट्या बाजूला पडून कोन लहान येऊ लागेल. वर्गात हे मुद्दाम करून दाखवावे, कारण चुकीची दिशा पालटलेली पाहिली की मुलांना कारण सांगावे लागत नाही.

उपाय सोपा आहे. परावर्तित बाजूच्या दोन टाचण्यांच्या छिद्रांतूनच रेघ काढावी, ती आरशाच्या रेघेपर्यंत वाढवावी, आणि ती जेथे मिळेल तेथे नवी स्तंभिका उभारून कोन मोजावा. ती रेघ मूळ आपतन बिंदूतून गेलीच पाहिजे, हा आग्रह सोडावा. दोन टाचण्यांमध्ये निदान ५ सेंटिमीटर अंतर हवे. इतक्या अंतरावर एक टाचणी १ मिलिमीटर सरकली, तरी दिशा अंशभराने बदलते. टाचण्या एका रेषेत आहेत की नाहीत, हे त्यांच्या डोक्यांकडे न पाहता कागदाशी टेकलेल्या बुडांकडे पाहून ठरवावे.

स्तंभिकेविषयी सांगायचे, तर सपाट आरशाच्या एका आकृतीपुरते मुलांचे म्हणणे बरोबर आहे: आरशापासून मोजलेले दोन्ही कोनही समानच येतात. परंतु आरसा हा पृष्ठभाग आहे, आणि आपतन बिंदूतून त्यावर कितीही रेषा काढता येतात, ज्यांच्याशी किरणाचे कोन वेगवेगळे भरतात. स्तंभिका तेथे एकच असते. अंतर्वक्र आरशात तर ती वक्रता केंद्र आणि आपतन बिंदू जोडून लगेच मिळते, आणि पुढे अपवर्तनाचा (किरण वाकण्याचा) नियमही याच स्तंभिकेपासून मोजलेल्या कोनांवर मांडलेला आहे. तरीही हा संकेत सर्वत्र पाळला जातो असे नाही. स्फटिकांवरून परतणाऱ्या क्ष-किरणांसाठी भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅग यांच्या नियमात कोन अणूंच्या प्रतलापासून मोजतात, त्यामुळे एखाद्या हुशार मुलाने पुढे कॉलेजात जाऊन हाच प्रश्न उलट बाजूने विचारला, तर त्यात नवल नाही.