वाहणे, गाळणे, उपसणे

पेशीतून औषधं नि विषं बाहेर काढणाऱ्या प्रथिनाला 'औषध-गाळणी' म्हणावं का, आणि 'वाहक प्रथिन' हा शब्द योग्य आहे का, अशी विचारणा आहे.

गाळणी अजिबात नको. 'पेशी विष गाळून टाकते' हे ऐकून कान किटले. गाळणी आकार बघते आणि नुसती बसून असते. इथे प्रथिन राबतं. त्याचा खिसा आधी पेशीच्या आतल्या बाजूला उघडा असतो. औषध त्यात शिरलं, दोन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) येऊन चिकटले, की खिशाचं तोंड बाहेरच्या बाजूला वळतं आणि औषध सुटतं. एटीपी तुटले की पुन्हा पहिल्यासारखं. बाहेर औषध जास्त असलं तरी हे चालतं, म्हणजे चढावर ओझं नेण्याचा प्रकार. (जिवाणूंचे बरेच पंप एटीपीऐवजी आत येणाऱ्या प्रोटॉनच्या जोरावर चालतात.)

'वाहक' मात्र झकास. मूळ धातू वह्. नदी वाहते ती आपोआप, हमाल ओझं वाहतो तो घाम गाळून. दोन्हींना एकच क्रियापद! संस्कृतातही नदी वहते आणि भारही वाहिला जातो. लॅटिनमधला 'वेहेरे' याच कुळातला. त्यातून व्हेईकल निघालं आणि वेक्टरही. म्हणजे रोग पसरवणाऱ्या डासासारख्या वेक्टरला 'रोगवाहक' म्हणणाऱ्याने नकळत सख्ख्या भावंडांचीच गाठ घालून दिली. वॅगनही याच घराण्यातली.

पण हाच दुहेरी अर्थ 'बहिर्वाह'मध्ये घात करतो. औषध असं पेशीबाहेर जाण्याला इंग्रजीत 'एफ्लक्स' म्हणतात; संस्कृतप्रेमी मंडळी त्यासाठी तोच शब्द पुढे करतात. त्यात हमाल दिसत नाही, नदीच दिसते. औषध जणू आपल्या पायाने निघालं! मूळ लॅटिन शब्दही 'बाहेर वाहणं' एवढंच सांगतो. ती चूक आपण इमानाने का उचलावी?

अशीच चूक एका नावात कायमची गोठली आहे. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग या संशोधकांना कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींवर एक प्रथिन सापडलं. त्यांना वाटलं, ते पेशीच्या पटलाची पारगम्यता, म्हणजे पदार्थ आरपार जाऊ देण्याचा गुण, बदलतं. म्हणून 'पर्मिअॅबिलिटी'चा पी लावून 'पी-ग्लायकोप्रोटीन' नाव ठेवलं. पुढे कळलं की पटल औषधाला अडवत नव्हतं, प्रथिन ते बाहेर फेकत होतं. पी तसाच राहिला.

माझा शब्द 'उपसा'. होडीत पाणी झिरपतच राहतं आणि आपण उपसतच राहतो, तसंच हे. विहीर उपसतात, गाळ उपसतात, आणि मराठीत कष्टसुद्धा उपसतात. एटीपीचा हिशेब त्यातच आला. 'निष्कासन' सुचवणाऱ्यांनी ते अतिक्रमणांच्या नोटिसांसाठी राखून ठेवावं.

फक्त 'उपसाचं प्रथिन' लिहू नका. घसा-घशाचा, तसं उपसा-उपशाचा.