बोट तुमची, जानेवारी मात्र वहिनींचा

स्विंडनहून एका भाऊंचं लांबलचक पत्र आलंय. वय 58, पुढच्या वर्षी नोकरी सोडणार, लेक शिकून कामाला लागली, घराचं कर्ज फिटलं, आणि आता डोक्यात एकच, भूमध्य समुद्राकाठी एखादं शहर बघायचं, तिथे राहायचं आणि 36 फुटी शिडाची बोट ठेवायची. प्रश्न ढीगभर विचारलेत. शहर कुठलं, बोट कुठे घ्यायची, टॅक्स किती, लायसन्स कुठलं, पुण्याच्या आईला आणता येईल का. सगळ्यांना उत्तर देते, पण भाऊ, माझं गाडं तुमच्या एका वाक्यापाशी अडलंय आणि ते तिथून हलायला तयार नाही.

तुम्ही लिहिता, "गेल्या ऑगस्टमध्ये क्रोएशियातल्या स्प्लिटहून आठवडाभर बोट भाड्याने घेतली होती. ह्वार बेटाच्या बंदरात संध्याकाळी बसलो होतो तेव्हाच ठरवलं, उरलेलं आयुष्य इथेच काढायचं. स्प्लिट, ह्वार, पाल्मा, व्हॅलेन्सिया, अथेन्स, सिसिली अशी यादी केली आहे. बायकोला बोट लागते, मळमळतं, पण ती ॲडजस्ट होईल. तिचा स्वभावच तसा आहे."

बोटीच्या किलबद्दल, शिडाबद्दल, इंजिनाच्या तासांबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत हो. आणि वहिनींच्या वाट्याला आली ही एवढी ओळ.

ॲडजस्ट होईल म्हणजे काय? वहिनी फोंड्याहून लग्न करून पुण्यात आल्या, तिथे ॲडजस्ट झाल्या, मग स्विंडनच्या पावसात झाल्या, तिथे नोकरी केली, ड्रायव्हिंग शिकल्या, चवथीचं डेकोरेशन पंधरा घरांनी मिळून करायची पद्धत पाडली (हे तुम्हीच कौतुकाने लिहिलंय), आणि आता साठीकडे झुकताना परत एकदा शून्यापासून? मला राग नाही आला, पण आमच्या पिढीतल्या पुरुषांची ही सवय मला पाठ आहे, कारण माझ्या घरातही एक आहेत.

आमच्या ह्यांची इथे व्हॅलेन्सियात एका बोटीत अर्धी भागीदारी आहे. मलाही बोट लागते, धक्क्याला बांधलेली असली तरी लागते. त्यामुळे मी जे सांगते ते किनाऱ्यावरून सांगते, उंटावरून शेळ्या हाकते म्हणा हवं तर. पण बोटीवाल्यांच्या गप्पांमध्ये एक गोष्ट कुणी बोलत नाही, की बोट ठेवणारा माणूस वर्षातले फार तर चार-पाच महिने समुद्रावर जातो. बाकीचे महिने बोट उभी असते आणि तुम्ही दोघं त्या गावात राहत असता. म्हणजे गाव निवडायचं ते जानेवारीसाठी आणि जो बोटीवर जात नाही त्याच्यासाठी. ऑगस्टसाठी निवडायचंच नसतं, ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्राकाठचं कुठलंही गाव सुंदरच दिसतं.

आमच्या दिरांनी नेमकं उलटं केलं. ग्रीसमध्ये सायक्लेडीजच्या एका बेटावर घर घेतलं, पांढऱ्या भिंती, निळी दारं, खिडकीतून बोट दिसते, फोटो असे की नातेवाईकांचा जीव जळावा. नोव्हेंबर आला आणि गावातली हॉटेलं बंद, कॅफे बंद, शेजारची घरं बंद, कारण शेजारी सगळे अथेन्सला राहणारे, फक्त उन्हाळ्यात येणारे. एक बेकरी आणि एक किराणा दुकान उघडं. दीर खूष, दिवसभर बोटीवर काहीतरी घासत बसायचे. जाऊबाई खिडकीत. त्यात एकदा त्यांची दाढ सुजली. बेटावरचा दातांचा डॉक्टर हिवाळ्यात नसतो, आणि वारा आठ-नऊ बोफर्टवर (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) गेला की बंदराचे लोक फेऱ्या बंद करतात, त्याला तिथे अपागोरेफ्तिको म्हणतात, जाऊबाईंना ग्रीकमधला हा एकच शब्द अस्खलित येतो. वारा पडेपर्यंत गालाला लवंगेचं तेल लावून बसल्या. फेरी सुरू झाल्यावर अथेन्सला गेल्या, दाढ काढली, आणि परत आल्याच नाहीत, तिथेच भाड्याने खोली घेतली. आता दीरही अथेन्सला राहतात. बेटावरचं घर विकायला काढलंय, गिऱ्हाईकं येतात ती पण ऑगस्टमध्येच.

म्हणून ह्वार यादीतून काढा. स्प्लिटहून ह्वारच्या स्तारी ग्राद बंदरात गाडीच्या फेरीने दोन तास लागतात, हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, आणि बुरा किंवा जुगो हे तिकडचे वारे जोरात सुटले की छोट्या कॅटामरान फेऱ्या रद्द होतात. ज्या बंदरात बसून तुम्ही आयुष्याचा निर्णय घेतलात ना, तिथे फेब्रुवारीत खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या असतात. स्प्लिट हे मात्र खरं शहर आहे, मोठं हॉस्पिटल आहे, बारा महिने माणसं राहतात, आणि 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आणि युरोतही आहे. शिवाय बेटं इतकी जवळ की बोटीवाल्याला स्वर्गच. पण वहिनींनी तिथे कुणाशी बोलायचं? आपली माणसं तुरळक, भाषा अवघड. वहिनी हो म्हणाल्या तर ठेवा, तुम्ही म्हणालात म्हणून नको.

सिसिलीचं एका वाक्यात, मरीना दि रागुसाला हिवाळ्यात बोटीवरच राहणाऱ्यांची चांगली वस्ती जमते, पण वहिनी बोटीवर राहणार नाहीयेत आणि ते गाव मूळचं उन्हाळी बीचचं आहे. पाल्मा स्पेनच्या मायोर्का बेटावर असलं तरी शहर आहे, विमानं वर्षभर, हॉस्पिटल उत्तम, पण बर्थ (बोट बांधायची जागा) आणि घरभाडं दोन्ही असं की पेन्शनीतून बोट तेवढी चालेल, तुम्ही दोघं उपाशी.

राहिली अथेन्स आणि व्हॅलेन्सिया. मी व्हॅलेन्सियात राहते म्हणून बाजू घेतेय असं वाटेल, वाटू द्या. इथे वहिनींना गाडी लागणार नाही, मेट्रो आणि ट्राम समुद्रापर्यंत येते. 2007 ला अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यत इथे झाली तेव्हा बंदराचा कायापालट झाला, ती मरीना (हौशी बोटींचं बंदर) काबान्याल वस्तीतून चालत गाठता येते, म्हणजे तुम्ही सकाळी बोटीवर जाऊन दुपारी जेवायला घरी. रुसाफा भागात कढीपत्ता, तूरडाळ, पोहे मिळतात. स्पॅनिशचे वर्ग आहेत, आणि शेजारच्या आजीबाई तुम्ही चुकीचं बोललात तरी तुम्हाला सोडत नाहीत. माझी पहिली मैत्रीण बाजारात आर्टिचोक कसा सोलायचा ते हातातून हिसकावून दाखवणारी बाई होती, तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

पण बोटीवाल्याच्या बाजूने खरं सांगायचं तर इथला किनारा सरळसोट. जवळपास आडोशाचं, नांगर टाकून दुपार काढण्यासारखं काही नाही, इबिझाला जायचं तर एक रात्र समुद्रावर काढावी लागते. आमचे हे त्यावरून कुरकुरतात. त्यांना कुरकुरू देते. ते महिन्यातून एकदा कुरकुरतात, मी बेटावर असते तर रोज कुरकुरले असते.

अथेन्समध्ये दोन्ही जमतं, हे मला मान्य करावं लागतं. आलिमोसची मरीना प्रचंड, हजाराच्या वर बोटी, बाहेरच ट्राम, आणि समोर सारोनिक आखात, एजिना बेटाला सकाळी निघून जेवायच्या वेळेला पोचता येतं. जुलै-ऑगस्टचा मेल्तेमी वारा सायक्लेडीजमध्ये जसा झोडपतो तसा तिथे झोडपत नाही. ओमोनियाच्या आसपास आपल्याकडच्या सामानाची दुकानं आहेत. जाऊबाई तिथे सुखात आहेत, मोठ्या शहराचा गोंगाट आणि उन्हाळ्याची काहिली सोसून. बजेट अगदीच आवळलेलं असेल तर स्पेनमधलं कार्ताहेना बघा, नैसर्गिक बंदर आहे, हिवाळ्यात बोटीवाल्यांची जाग असते, स्वस्तही पडतं.

आता करायचं एवढंच. येत्या जानेवारीत दोघांनी जायचं, अथेन्स आणि व्हॅलेन्सियाला, प्रत्येक ठिकाणी निदान दोन आठवडे, हॉटेलात नाही, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. वहिनींनी एकटीने बाजारात जायचं, एकटीने बसने हॉस्पिटलपर्यंत जाऊन यायचं. तुम्ही त्या दिवशी मरीनात फिरा, काही बिघडत नाही. आणि एक लक्षात ठेवा, इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, खाली टाइल्स, बऱ्याच ठिकाणी सेंट्रल हीटिंग नाही. बाहेर 16 अंश छान ऊन आणि घरात त्याहून गार. पहिल्या हिवाळ्यात माझ्या डब्यातलं मेतकूट ओलीने गोळा झालं, कपाटामागची भिंत काळी पडली, आणि बुतानोचा (ब्यूटेन गॅसचा) नारिंगी सिलेंडर चाकाच्या हीटरमध्ये घालून तो या खोलीतून त्या खोलीत ढकलत आम्ही दिवस काढले. स्विंडनच्या रेडिएटरची सवय असलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं.

व्हॅलेन्सियात घर बघताना पुराचा विचार करा. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेने वळवली, जुन्या पात्रात आता बाग आहे, त्यामुळे 29 ऑक्टोबर 2024 ला मुख्य शहर बरंचसं वाचलं, पण दक्षिणेकडच्या गावांत हाहाकार झाला, दोनशेच्या वर माणसं गेली. तिकडे घर स्वस्त मिळतंय म्हणून तळमजला घेऊ नका.

उरलेले प्रश्न भराभर. व्हिसाची काळजी तुम्ही चार परिच्छेद केलीत आणि शेवटी जाता जाता लिहिलंत की वहिनींकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे! अहो मग तुमचा ब्रिटिश पासपोर्ट आणि 180 दिवसांत 90 दिवसांची कटकट बाजूलाच राहिली. वहिनी युरोपियन नागरिक म्हणून स्पेन किंवा ग्रीसमध्ये नोंदणी करतील आणि तुम्ही त्यांचे नवरे म्हणून रेसिडेन्स कार्ड घ्याल. उत्पन्न दाखवावं लागेल, आणि स्टेट पेन्शन सुरू होईपर्यंत खासगी आरोग्य विमा काढावा लागेल. म्हणजे ज्यांना तुम्ही ॲडजस्ट करायला सांगताय त्यांच्याच पासपोर्टवर तुम्ही राहणार. त्यांचं इंग्लंडचं सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, मात्र सलग पाच वर्षं बाहेर राहिलं की जातं, त्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बोट इंग्लंडात स्वस्त दिसते म्हणून तिथून आणायची घाई नको. ब्रेक्झिटनंतर ती बाहेरची बोट, तिच्यावर इथे परत व्हॅट, स्पेनमध्ये 21 टक्के, ग्रीसमध्ये 24. पाहुण्यांना 18 महिने व्हॅटशिवाय बोट ठेवता येते पण तुम्ही इथले रहिवासी झालात की ती सोय संपली. बिऱ्हाड हलवताना मिळणारी सवलत आहे, त्यासाठी बोट आधी सहा महिने तरी तुमच्या वापरात असावी लागते. त्यापेक्षा इथेच असलेली, व्हॅट भरल्याचे कागद असलेली बोट घ्या. स्पेनमध्ये रहिवाशाच्या आठ मीटरवरच्या बोटीला 12 टक्के नोंदणी कर वेगळा. आणि बोटीच्या आधी बर्थ! चांगल्या मरीनात वेटिंग लिस्ट असते. लायसन्ससाठी आयसीसी (बोट चालवायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) आणि व्हीएचएफ रेडिओचं सर्टिफिकेट इंग्लंडातूनच करून या. भरती-ओहोटीचं तुम्ही जे विचारलंत ते विसरा, इथे पाणी जेमतेम वीतभर-दीडवीत हलतं, त्यापेक्षा बोट उलटी रिव्हर्समध्ये धक्क्याला लावायचा सराव करा, सगळी मरीना बघत उभी राहते.

आईंना आणता येतं, त्या तुमच्यावर अवलंबून आहेत याचे कागद जमवावे लागतील, पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी आत्तापासून नीट ठेवा. लिफ्ट असलेलं घर बघा. आणि तुम्ही एजिनाला निघालात की आईंजवळ कोण असणार, हे मला नाही, वहिनींना विचारा. त्यांचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून पाठवलं तर मला जास्त आवडेल.

जानेवारीत येताना स्वेटर आणा. घरात घालायला.