गुडघा फाटल्यावर फुटबॉल

प्रश्न : बेळगावात खेळणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर (हाडे जोडणाऱ्या बंधावर) शस्त्रक्रिया झाली आहे. तो पुन्हा मैदानात उतरेल का? – एक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, अनेकजण परततात, मात्र नवा बंध रुजून मांडीची ताकद भरून येईपर्यंत, म्हणजे किमान ९ महिने, त्याला सामन्यांपासून दूर ठेवा, कारण घाईने उतरल्यास गुडघा पुन्हा फाटण्याचा धोका बराच वाढतो. फिजिओथेरपी चुकवू देऊ नका. आमच्या मते शस्त्रक्रियेइतकीच ती महत्त्वाची आहे. सगळेच परततात असे मात्र नाही. घोट्याच्या दुखापतीमुळे नेदरलँड्सचा फुटबॉलपटू मार्को व्हॅन बास्टेनला १९९३ नंतर, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अधिकृत सामना खेळता आला नाही. पुढे २००४ मध्ये तो नेदरलँड्सचा प्रशिक्षक झाला. भावाचे शिक्षण तेवढे थांबवू नका.