इतके उपाय करूनही बरं का वाटत नाही?

‘मॅडम, जो जे सांगेल ते सगळं करतेय मी. तरी बरं का वाटत नाही? माझंच काही कमी पडतंय का?’

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे सीएफएस, हा महिनोन्‌महिने न हटणाऱ्या थकव्याचा आजार असलेली माणसं समुपदेशनाला आली की बोलण्याच्या ओघात हा प्रश्न हमखास निघतो. थकवा असतोच, पण उपाय निष्ठेने करूनही फरक पडत नाही याची टोचणी कधी कधी थकव्याहून जास्त असते. या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात स्पष्ट दिसलं ते एका शिक्षिकेच्या बाबतीत. ओळख पटेल असे तपशील गाळून ते इथे सांगते.

बाई चाळिशीतल्या. फ्लूसारखा ताप आला, उतरला, पण त्या पूर्ववत झाल्याच नाहीत. रात्रभर झोपूनही सकाळी अंग उचलवत नसे. वर्गात बोलता बोलता साधा शब्द आठवेना. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. बऱ्याच फेऱ्यांनंतर एका फिजिशियननी सीएफएसचं निदान केलं आणि हा आजार मुळापासून घालवणारं औषध आज नाही, असंही सांगितलं. त्यांनी खरं तेच सांगितलं. पण ‘औषध नाही’ हे कानावर पडलं की माणूस उरलेली सगळी दारं ठोठावत सुटतो, आणि अशी दारं पुष्कळ असतात.

पहिल्या भेटीत त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. शाळेच्या वेळापत्रकासारखे चौकोन आखलेले, प्रत्येक उपायाला वेगळा रंग. रोज सकाळी योगवर्ग, आठवड्यातून दोनदा ॲक्युपंक्चर, शनिवारी मसाज, रात्री मोबाइलवर ध्यानाचं ॲप. गोळ्या-कॅप्सूल इतक्या, की कुठली जेवणाआधी नि कुठली नंतर याची मागच्या बाजूला वेगळी यादी. कागद दाखवता दाखवता त्या म्हणाल्या, ‘पाय वर घेऊन बसले तर चालेल का? लोंबते राहिले की गरगरतं.’

मी त्यांना आधी परत डॉक्टरांकडे पाठवलं. फार वेळ उभं किंवा ताठ बसणं न झेपणं हे सीएफएसमध्ये नेहमी दिसतं, पण रुग्ण ते सांगत नाहीत आणि तपासणारेही विचारत नाहीत. दहा मिनिटं उभं करून नाडी आणि रक्तदाब मोजायचा, एवढी साधी ती तपासणी. रक्तदाब फारसा न उतरता प्रौढाची नाडी मिनिटाला ३० किंवा जास्त ठोक्यांनी चढली, तर पॉट्स नावाच्या त्रासाचा विचार करतात. त्यावर डॉक्टर पाणी आणि मीठ वाढवायला सांगतात, दाब देणारे मोजे देतात, कधी औषधही देतात. (मीठ आपल्या मनाने वाढवायचं नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ते महागात पडतं.) आजाराला औषध नसलं तरी त्यातल्या गरगरण्याला, दुखण्याला, झोपेच्या तक्रारीला पुष्कळदा काही ना काही असतं. पूरक उपचारांच्या नादात हे मागे पडायला नको.

मग आम्ही वेळापत्रकाकडे वळलो. काहीही बंद करू नका, फक्त लिहा, असं मी सांगितलं: काय केलं, लगेच कसं वाटलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कसं होतं. शेवटचा भाग महत्त्वाचा. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली या आजाराचे निकष नव्याने मांडले. सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता पार घटलेली, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, सोबत विचारांचा गोंधळ किंवा उभं राहणं न झेपणं, आणि श्रमानंतर कोसळणं. यातलं कोसळणं हे आजाराचं गाभ्याचं लक्षण. रुग्ण त्याला सरळ ‘क्रॅश’ म्हणतात. गंमत अशी, खरं तर गंमत कसली, की तो बहुतेकदा लगेच येत नाही. १२ ते ४८ तासांनी येतो आणि दिवसचे दिवस, कधी आठवडे मुक्काम ठोकतो. त्यामुळे कारण एका दिवशी घडतं, शिक्षा भलत्याच दिवशी मिळते आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

वहीत नेमकं तेच उतरलं. शनिवारच्या रकान्यात: ‘मसाज. अंग हलकं. फार छान.’ रविवारी: ‘ठीक. केस धुतले.’ सोमवारी अक्षर तिरकं होत ओळ सोडून गेलेलं: ‘उठवत नाही. शाळेला कळवलं. उजेड नको.’ पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तोवर सोमवारच्या आजारपणाचं खापर त्या शाळेच्या धास्तीवर फोडत होत्या. घरचेही तेच म्हणत.

दोष मसाजचा होता असं नाही. आंघोळ करून तयार होणं, तिथवर जाणं, जिने चढणं, बाकावर ताटकळणं, मसाज करणाऱ्या बाईंच्या गप्पांना हूं-हूं करणं आणि परत येणं, हे सगळं मिळून ती तब्येत कोसळवत होतं. बाहेर पडताना कसं वाटलं यावर उपचाराचा गुण ठरवला, तर मसाज पहिला येतो. तिसऱ्या दिवशी कसं होतं यावर ठरवला, तर नापास. रात्रीचं ध्यानही असंच निघालं. ॲपमधला आवाज सतत सूचना देतो, त्या ऐकून पाळायला डोकं लागतं, आणि या आजारात डोक्याचे श्रमही श्रमच. आवाज बंद करून त्या नुसत्या आडव्या पडून श्वासाकडे लक्ष देऊ लागल्या, तेव्हा ते झेपलं.

योगवर्गाचं प्रकरण अवघड होतं. शिक्षक मनापासून शिकवणारे, पण ‘रोज थोडं वाढवा’ हा त्यांचा मंत्र. हा मंत्र वैद्यकातही बरीच वर्षं चालला. व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेल्याने फायदा होतो, असं ब्रिटनमधल्या पेस नावाच्या, रुग्णांवर घेतलेल्या अभ्यासाने २०११ साली म्हटलं होतं. त्याच्या पद्धतीवर आणि आकडेवारीच्या मांडणीवर पुढे कडाडून टीका झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा उपचार या आजारासाठी देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं. त्याऐवजी आपली ताकद ओळखून तिच्या आत राहायचं, म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचे. समुपदेशन किंवा सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार) हीही हा आजार बरा करण्यासाठी नाही, त्याने आलेला ताण पेलायला आहे, असंही त्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते.

बाईंचे यजमान हिशेबाच्या क्षेत्रातले. त्यांना हे पटेना. ‘मग हिने व्यायाम करायचाच नाही? पडून राहून कुणी बरं झालंय?’ त्यांना मी लागोपाठ दोन दिवस घेतल्या जाणाऱ्या सायकलच्या चाचणीबद्दल सांगितलं. श्वास आणि हृदयाची मोजमापं घेत सायकल चालवायला लावतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निरोगी माणसाचे, अगदी व्यायामाची सवय नसलेल्याचेही, दोन्ही दिवसांचे आकडे साधारण सारखे येतात. सीएफएसच्या अनेक रुग्णांचे दुसऱ्या दिवशी घसरतात. इथे मन घट्ट करून भागत नाही. यजमान थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे ही मला सोमवारी खोटं सांगत नव्हती.’ त्यांच्या मनात इतके दिवस काय होतं, ते बाईंना त्या वाक्याने कळलं. पुढची दोन सत्रं आम्ही दुसरं काही केलं नाही.

गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवायचा आग्रह मी धरला. कोएन्झाइम क्यू-१० सारख्या सप्लिमेंटवर छोटे अभ्यास झालेत, काहींत थोडा फायदा दिसलाय, पण ठाम सांगावं इतकं नाही. त्यात काय वाईट, असं वाटतं, पण क्यू-१० रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम कमी करू शकतं. अश्वगंधाने थायरॉइडची पातळी चढू शकते आणि क्वचित यकृताला इजा होते. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर धोकादायक ठरते. बाईंच्या यादीत केसांसाठीची एक गोळी होती, बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असलेली. बायोटिनचा डोस मोठा असेल तर थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. डॉक्टरांनी ती थांबवून तपासणी पुन्हा करायला लावली. सुदैवाने रिपोर्ट तसाच आला.

एका ठिकाणी मात्र मी स्पष्ट ‘सोडा’ म्हणाले. सुया लावणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, की त्रास वाढतोय म्हणजे शरीरातली विषं बाहेर पडताहेत, उपचार लागू पडतोय. असं म्हणणाऱ्याचा उपचार कधीच चुकीचा ठरू शकत नाही. बरं वाटलं तर त्याचं श्रेय, बिघडलं तरी त्याचंच. ‘मी आजारी नाही’ असं मनाला बजावायला शिकवणारे कोर्सही मला याच माळेतले वाटतात. त्यातल्या लायटनिंग प्रोसेस नावाच्या कोर्सची या आजारासाठी शिफारस करू नये, असं नाइसने नाव घेऊन सांगितलं आहे.

बाई पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. प्रौढांमध्ये पूर्ण बरे होणारे थोडेच असतात, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. क्रॅश कमी झालेत, शाळेत अर्धा वेळ मागून घेतलाय, योगवर्ग सुटला. त्याऐवजी घरी बसून, शरीराला ताण न देता करायचे प्रकार त्या शिकल्या. बसून करायच्या आयसोमेट्रिक, म्हणजे अवयव न हलवता स्नायू आवळून धरायच्या, योगाचा जपानमध्ये २०१४ साली एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात थकवा कमी झाल्याचं दिसलं. छोटाच अभ्यास, पण घराबाहेर पडावं लागत नाही, ही त्याची मोठी बाजू. आणि ‘माझंच कमी पडतंय का’ हा प्रश्न बाईंनी वही चाळता चाळता स्वतःच निकालात काढला: ‘कमी कुठलं, मी तर जास्तच करत होते.’

ॲक्युपंक्चर त्यांना अजून हवं आहे, मानेचं दुखणं त्याने उतरायचं. मीही नको म्हटलं नाही. घराजवळ, दुसऱ्या कुणाकडे, तेवढं एकच सुरू करून तिसऱ्या दिवसापर्यंत लिहायचं ठरलंय. त्या आठवड्यात नवी गोळी नाही, पाहुणे नाहीत, आणि केस धुवायचे ते सुयांच्या आदल्या-नंतरच्या दिवशी मुळीच नाहीत.