शेगडी घेताना आधी खोली मोजा

भाऊ, चिखलदरा पडलं ११०० मीटर उंचीवर, तिथल्या घरात डिसेंबर-जानेवारीत लाकडाची शेगडी लागणारच. पण मोठी घेऊ नका. दहा बाय बाराच्या खोलीत मोठी शेगडी पेटली की उकडतं, मग माणूस हवेची झडप बंद करतो. आत लाकूड नुसतं धुमसत राहतं अन् धुराड्यात डांबरासारखं काळं चिकट साचतं. एखाद्या दिवशी तेच पेट घेतं. त्यापेक्षा लहान शेगडी, रसरसून पेटलेली, केव्हाही बरी.

दुकानात कागदाची पट्टी धरून शेगडीचं दार लावून पाहा. पट्टी सहज निघाली तर दारात फट आहे, ती घेऊच नका. पातळ पत्र्याची स्वस्त पडते, पण तापून वाकते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, टिकतं, फक्त तापलेल्या बिडावर पाणी मारू नका, तडकतं.

पऱ्हाटी, तुराट्या, म्हणजे कापसाच्या अन् तुरीच्या वाळक्या काड्या, पेटवण्यापुरत्या. भरकन जळून जातात. रात्रीसाठी बाभूळ, तीही फोडून वर्षभर वाळवलेली. धुराडं सरळ अन् आढ्याच्या वर निघालेलं हवं.

अन् धुराडं नसलेली कोळशाची सिगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही, कोणी काहीही सांगो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.