नवं ग्राफिक्स कार्ड टाकूनही गेम अडकतो. आता कार्ड बदलू की प्रोसेसर?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकदा मांडतो, कारण निम्मं उत्तर तिच्यातच आहे. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबीची एकच रॅम, आणि दोन वर्षं कार्डाशिवाय चाललेल्या या मशीनमध्ये गेल्या महिन्यात बसवलेलं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. जीटीए ५ आणि सायबरपंक २०७७ मध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) ८०च्या आसपास असतो, गर्दीच्या रस्त्यावर गाडी घातली की धाडकन ३५वर येतो. त्या वेळी कार्डाचा वापर ५०-६० टक्केच दिसतो. दुकानदाराचं म्हणणं, कार्ड छोटं पडतंय, मोठं घ्या.

घेऊ नका. कार्ड छोटं पडत असतं तर त्याचा वापर ९५-९९ टक्क्यांना जाऊन टेकला असता. तुमचं कार्ड निम्मा वेळ रिकामं बसलंय. आचारी चुलीपाशी हात बांधून उभा आहे आणि भाजीच चिरून येत नाहीये, अशा वेळी दुसरा मोठा आचारी आणून काय होणार? पुढची फ्रेम तयार करायला लागणारं काम प्रोसेसरकडून वेळेवर येत नाही, आणि प्रोसेसरला ते का जमत नाही हे शोधायचंय.

‘पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतो,’ असंही तुम्ही लिहिलंय. तो आकडा फसवा आहे. ५६००जीला ६ कोअर आणि १२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी बारा कामं चालवायच्या जागा. एकच थ्रेड पूर्ण पिळून निघाला तरी एकूण बेरजेत तो जेमतेम ८ टक्के दिसतो. गेमचं मुख्य काम साधारण एकाच थ्रेडवर चालतं, ते अडलं की सगळं अडतं. बाकीचे अकरा मोकळे असले तरी त्याचा उपयोग नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक थ्रेडचा वेगळा आलेख लावता येतो, तो लावून बघा.

खात्री करायची तर फुकटातली एक चाचणी आहे आणि मी कोणाच्याही मशीनवर आधी तीच करतो. जिथे एफपीएस पडतो तिथे गेम सेव्ह करा. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा, त्याच जागी पुन्हा फिरा. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, म्हणजे कार्डाचं ओझं उतरलं. तरीही आकडा ३५-४०च राहिला तर कार्ड निर्दोष. आकडा उडी मारून ६०-७०ला गेला तर माझं निदान चुकीचं आणि दुकानदाराचं बरोबर. मोजायला वेगळं काही उतरवायची गरज नाही, एएमडीच्या अ‍ॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबलं की कोपऱ्यात आकडे येतात.

दोन गोष्टी मिनिटभरात बघून घ्या. मॉनिटरची केबल नव्या कार्डात आहे ना? ५६००जीमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असल्यामुळे केबल जुन्याच जागी, म्हणजे बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये राहिली तरी चित्र येऊ शकतं, आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे कार्ड ५०-६० टक्के वापरात दिसतंय म्हणजे हे नसावं, पण मागे वाकून बघायला काय जातंय. दुसरं, विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय का. नव्या केबलनंतर ते बऱ्याचदा ६०वर येऊन बसतं.

आता मुख्य संशयित, रॅम.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मेमरी. तिथे तीन आकडे वाचा. पहिला, किती स्लॉट वापरात आहेत. तुमचा एकच आहे हे माहीतच आहे. दुसरा, वेग. पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम तिथे २४०० किंवा २६६६ दाखवत असेल तर बोर्डाच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालूच केलेलं नाही. मशीन जोडून देणारे बहुतेक जण ते करत नाहीत. मशीन सुरू झालं, विंडोज आलं, झालं काम. तिसरा आकडा ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’, त्याच्याकडे नंतर येतो.

एकच रॅम म्हणजे सिंगल चॅनल. डीडीआर४ ३२०० ला एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहू शकतो, दोनवर ५१.२. तीच एक रॅम २४००वर चालत असेल तर १९.२. म्हणजे तुमच्या प्रोसेसरला मिळायला हवं त्याच्या ४० टक्क्यांहूनही कमी मिळत असण्याची शक्यता आहे. यामुळे एफपीएस थेट अडीचपट होईल असं नाही. सरासरी थोडी वाढते, खरा फरक पडतो तो तळाच्या आकड्यांत, म्हणजे ते जे ३५ला आपटणं आहे ना, त्यात.

‘कार्डाला स्वतःची ८ जीबी मेमरी असताना रॅमने काय फरक पडतो?’ हा प्रश्न हटकून येतो. कार्डाच्या मेमरीत टेक्स्चर (भिंती, रस्ते यांच्या पृष्ठभागाची चित्रं) वगैरे असतात. पण रस्त्यावरची माणसं, गाड्या, कोण कुठे वळणार, काय दिसणार आणि काय नाही, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि त्यासाठी त्याला रॅमकडे सतत जावं लागतं. चांगल्या प्रोसेसरला जवळच मोठी कॅश (त्याची स्वतःची जलद मेमरी) असते, त्यामुळे फेऱ्या वाचतात. ५६००जी नेमका इथे लंगडा आहे. त्याची एल३ कॅश १६ एमबी, तर साध्या ५६००ची ३२ एमबी. नावात एका अक्षराचा फरक, पण जी असलेल्या चिपवर बरीच जागा ग्राफिक्सने खाल्लीय. कॅश कमी म्हणून रॅमकडे फेऱ्या जास्त, आणि रॅम एकपदरी. गर्दीचा रस्ता आला की हे दोन्ही एकदम अंगावर येतं. २०२१मध्ये कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते तेव्हा अनेकांनी ‘कार्ड नंतर टाकू’ म्हणून हाच प्रोसेसर घेतला, तेव्हा तो निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्याच मशीनमध्ये एक रॅम बसवून देणं हे जोडणाऱ्याचं चुकलं, कारण कार्डाशिवाय तर ५६००जीचं ग्राफिक्स पूर्णपणे रॅमवरच जगतं.

तर क्रम असा. आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करा. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, काहींवर ए-एक्सएमपी. यात खर्च शून्य. मशीन सुरूच झालं नाही तर सीएमओएस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला आणल्या, की पूर्ववत होतं. मग दुसरी रॅम. सीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर उतरवून एसपीडीच्या पानावरून तुमच्या रॅमचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि तोच शोधा. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे जुनी घ्यायला माझी हरकत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या गावातला ओळखीचा दुकानदार, घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवायचं आणि एकही चूक दाखवली तर परत करायची, एवढं आधी बोलून घ्या. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. पहिल्या दोनांत शेजारी शेजारी बसवल्या तर बहुतेक बोर्डांवर त्या एकाच चॅनलवर जातात आणि पैसे वाया.

आता तो ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ आकडा. कार्ड नव्हतं तेव्हा कोणीतरी बायोसमध्ये आतल्या ग्राफिक्ससाठी २ किंवा ४ जीबी राखून ठेवले असतील, तर कार्ड बसवल्यावरही ते राखलेलेच राहू शकतात. १६ पैकी १२ जीबीच विंडोजच्या वाट्याला, आणि त्यात तुमचा ब्राउझर मागे वीस टॅब घेऊन बसलेला. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर असा पर्याय असतो, तो सगळ्यात कमीवर आणा किंवा आतलं ग्राफिक्स बंदच करा. बंद करण्याआधी केबल कार्डात आहे ना, हे पुन्हा बघा, नाहीतर काळा पडदा बघत बसाल.

सायबरपंक तुम्ही १ टीबीच्या हार्ड डिस्कवर ठेवलाय असं दिसतं. तो एसएसडीवर हलवा. शहरात वेगाने गाडी चालवताना अर्धा सेकंद गोठून पुन्हा सुटणं, रस्त्याचं टेक्स्चर उशिरा येणं, हे डिस्कचं लक्षण. सलग कमी एफपीएस हे डिस्कचं लक्षण नव्हे. साधी साटा एसएसडी पुरते, फक्त ती काठोकाठ भरू देऊ नका.

तुम्ही अकोल्याचे आहात आणि मे महिना आहे, म्हणून उष्णतेचंही लिहितो. खोलीचं तापमान ४०च्या वर असेल तर पंखा कितीही फिरवा, आतलं तापमान त्याच्या खाली येणारच नाही. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून अर्धा तास खेळा. ५६००जीची मर्यादा ९५ अंश आहे, त्याला टेकला की तो स्वतःच वेग उतरवतो. ओळखायची खूण अशी, की पहिली १०-१५ मिनिटं गेम छान चालतो आणि मग मरगळतो. तुमचा एफपीएस जागेनुसार पडतोय, वेळेनुसार नाही, म्हणून मला हे मुख्य कारण वाटत नाही. तरी बाजूचं झाकण काढून एकदा खेळून बघा. तापमान दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटची पुढची काच हवा अडवतेय. रंगीत दिवे पेटतात म्हणजे पंखे हवा ओढतात असं नाही. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

एक जुना दोष सांगतो, कारण तुमचा बोर्ड त्या पिढीतला आहे. अधूनमधून, कुठल्याही गेममध्ये, आवाजासकट मशीन क्षणभर अडखळत असेल तर बायोसची तारीख बघा. रायझनच्या काही मशीनवर एफटीपीएममुळे (विंडोज वापरतं त्या सुरक्षेच्या सोयीमुळे) असं होतं हे एएमडीने मार्च २०२२मध्ये मान्य केलं होतं आणि त्याच वर्षी नव्या बायोसमधून उपाय दिला. बायोस अद्ययावत करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर तो थांबवा, रिकव्हरी की लिहून ठेवा, आणि काम यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर गेमचा प्रश्न बाजूला राहतो आणि बोर्डच उठत नाही.

‘गेम बूस्टर’, ‘रॅम क्लीनर’ असली सॉफ्टवेअर काढून टाका. आणि गेम कुठून तरी क्रॅक उतरवलेला असेल तर मशीन नुसतं सुरू करून, काहीही न उघडता, पाच मिनिटं कार्डाचा वापर बघा. अशा गेमसोबत चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे प्रोग्रॅम येतात. अ‍ॅड्रेनलिनमध्ये रेडिऑन चिल चालू असेल तर तेही बंद करा, ते एफपीएसला लगाम घालतं. नवा गेम पहिल्या तासात अडखळतो आणि नंतर सुधारतो, ते शेडर (ग्राफिक्ससाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात म्हणून. त्यामागे लागू नका.

रॅम येईपर्यंत काय? ग्राफिक्सचा दर्जा ‘लो’ करून काही मिळणार नाही, कारण कार्ड आधीच रिकामं आहे. प्रोसेसरवर बोजा टाकणाऱ्या सेटिंग्ज वेगळ्या. सायबरपंकमध्ये क्राउड डेन्सिटी कमी करा आणि रे ट्रेसिंग बंद. जीटीएमध्ये पॉप्युलेशन डेन्सिटी आणि एक्स्टेंडेड डिस्टन्स स्केलिंग खाली आणा. टेक्स्चर मात्र हाय ठेवा, ८ जीबीत मावतात तोवर त्यांचा त्रास नाही. शिवाय एफपीएसला ६०ची मर्यादा लावून बघा. ८० आणि ३५मध्ये उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा ५५-६०वर स्थिर चालणारा हाताला कितीतरी बरा लागतो. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, ३५ला जवळजवळ २९ची. तुम्हाला खटकतो तो हा मधला झटका.

दोन रॅम, एक्सएमपी चालू, गेम एसएसडीवर, आणि तरीही ७२०पीच्या चाचणीत आकडा हलत नसेल, तर मग प्रोसेसर. बोर्ड बदलायची गरज नाही. साधा ५६०० त्याच सॉकेटमध्ये बसतो, कॅश दुप्पट मिळते, आणि ५६००जी फक्त पीसीआयई ३.० वर (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या डेटाच्या रस्त्याची जुनी, हळू आवृत्ती) चालतो ती अडचण मात्र बी४५०वर तशीच राहते. आरएक्स ६६०० आठ लेन वापरतं, त्यामुळे तिचा फारसा फटका नाही. (चार लेनचं आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं असतंत तर गोष्ट वेगळी होती.) बजेट असेल आणि बाजारात मिळाला तर ५७००एक्स३डी, ९६ एमबी एल३, गर्दीच्या रस्त्यांसाठी रामबाण. नवा प्रोसेसर बसवण्याआधी, जुना सॉकेटमध्ये असतानाच बायोस अद्ययावत करून घ्या. ५७००एक्स३डीसोबत कूलर येत नाही, त्याचे पैसे वेगळे धरा. आणि ५६००जी विकू नका. या दोन्ही प्रोसेसरना स्वतःचं ग्राफिक्स नाही, उद्या कार्ड दुरुस्तीला गेलं तर मशीन चालू ठेवायला तोच लागेल.