आक्कांचा चहा

"मावशी, आम्ही वडगाव शेरीत राहतो. माझी मोठी नणंद, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आल्या त्याला चौदा महिने झाले. लग्न केलं नाही, जन्मभर नर्सची नोकरी केली. पहाटे पाचला उठून बसतात. बोटं आखडल्यामुळे लायटर दाबता येत नाही, मग मी उठेपर्यंत भांडी वाजवतात. माझी पोळी उलटीपालटी करून बघतात आणि एक शब्द न बोलता ताटाच्या कडेला सारतात. गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात चार बायकांत म्हणाल्या, 'आमच्याकडे चहा नऊला मिळतो.' त्याच सकाळी पाळकसाहेबांनी 'वैऱ्यांवर प्रीती करा' यावर संदेश दिला होता. मी क्वायरमध्ये गाते. तोंडात प्रीतीची गीतं आणि पोटात हे विष. मी ढोंगी आहे का?"

अगं, ढोंगी माणूस मावशीला पत्र लिहीत बसत नाही. तो रात्री छान झोपतो.

आणि चहावरून एवढं झालं याचं पुण्यात राहून काय नवल करायचं! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. तुझं प्रकरण त्यापेक्षा बरंच सोपं आहे.

आपल्याकडे लग्नात हमखास वाचतात तो बायबलमधला, करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय घे. ऐकायला इतका गोड, की नवरा-नवरीसाठीच लिहिलाय असं वाटतं. पण जरा मागे, अकराव्या अध्यायात जा. करिंथच्या त्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, प्रभुभोजनाला जमले की कोणी आधीच जेवून घ्यायचं, कोणी उपाशी राहायचं, कोणी पिऊन तर्र. म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने प्रीतीचं लिहिलं ते ताटावरून भांडणाऱ्यांना! आणि मूळ ग्रीकमध्ये तिथे क्रियापदांची रांगच लागली आहे: सोसते, भलं करते, फुगत नाही, चिडत नाही. आक्का तुला आवडायला हव्यात, असं त्यात कुठेही नाही. माया लागते किंवा लागत नाही, तिला हुकूम सोडता येत नाही. मला माझ्या सासूबाईंचा लळा अखेरपर्यंत लागला नाही; पाय मात्र मी रोज चेपले, आणि त्यातले निम्मे दिवस दात-ओठ खात. येशूनेही 'वैऱ्यांवर' म्हटलं, म्हणजे वैऱ्याला वैरी म्हणूनच ओळखलं ना?

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. आक्का पाचला उठतात. ज्या बाईने जन्मभर ड्यूट्या केल्या, दुसऱ्यांना वेळेवर औषधं दिली, तिला आता एक लायटर दाबता येत नाही आणि घोटभर चहासाठी भावजय उठायची वाट बघावी लागते. चार तास. नऊचा चहा हा टोमणा खराच, पण खोटा नाही. त्यांच्या बोलण्याचं मी समर्थन करत नाहीये हं. पोळीचं तर नाहीच नाही.

आवारातल्या बोलण्याबद्दल मात्र त्यांच्याशी बोल. मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात रीत दिली आहे: आधी एकट्यात. बायकांत नको, नवऱ्यापुढे नको. दुपारी त्यांच्या गुडघ्याला तेल लावताना म्हण, "आक्का, चहाचं मला सांगायचंत, मी सोय केली असती. चारचौघांत ऐकलं तेव्हा फार लागलं." एवढंच. चौदा महिन्यांची यादी वाचू नकोस. त्या फणकारतील बहुतेक. फणकारू देत. रोमकरांस पत्रात 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितके' अशा दोन अटी घालूनच सर्वांशी शांतीने राहायला सांगितलंय. आक्कांकडून होईल तितकं तुझ्या खात्यात येत नाही.

त्यांच्यासाठी प्रार्थना करतेस का? करत असशील तर 'प्रभू, यांना सुधार' ही प्रार्थना बंद कर, ती तक्रार आहे. गुडघ्यासाठी कर, बोटांसाठी कर.

आणि तुझे यजमान कुठे आहेत गं या सगळ्या पत्रात? बहीण त्यांची आहे. दवाखान्याच्या खेपा आणि रविवारची एक संध्याकाळ त्यांच्याकडे लावून दे, आणि त्या संध्याकाळी तू खुशाल क्वायरच्या सरावाला जा. आक्का हात उगारत असत्या किंवा पैशांनी नाडत असत्या, तर मी तुला वेगळंच सांगितलं असतं. तेव्हा सोसण्यापेक्षा दार लावून घेणं बरं. इथे तसं नाही.

या आठवड्यात एक थर्मास आण. रात्री झोपताना चहा करून भर, कप आणि दोन बिस्किटं त्यांच्या उशाशी ठेव. फिरकीच्या झाकणाचा घेऊ नकोस, त्यांच्या बोटांना तो उघडणार नाही. वरून दाबून ओतता येतो तसला बघ, आणि दुकानातच दोनदा दाबून बघ, फार जोर लागत नाही ना.